शोभिवंत माशांचे खाद्य : ऐतिहासिक आढावा

शोभेसाठी घरी पाळलेल्या माशांना अन्न देण्याच्या पद्धतींचा विकास. तळ्यातील मासा आपले अन्न स्वतः मिळवितो. काचपात्रातील मासा त्याबाबत सर्वस्वी पाळणाऱ्यावर अवलंबून असतो आणि त्याने न खाल्लेले अन्न त्याच पाण्यात कुजते. त्यामुळे ‘काय द्यावे’ या प्रश्नाइतकाच ‘किती द्यावे’ हा प्रश्नही या विषयाच्या इतिहासात सतत पुढे येतो.

चीनमध्ये सुंग राजवंशाच्या काळात (९६०–१२७९) सोनमासा (कॅरॅसियस ऑरॅटस) राजवाड्यांतील तलावांत पाळला जाऊ लागला. शहरातील गटारांत सापडणारे बारीक लाल किडे खाऊ घातले असता मासे सोनेरी होतात, असा समज तेराव्या शतकाच्या आरंभी यूए को या लेखकाने नोंदविला आहे. रंग हा मुख्यत्वे आनुवंशिक असल्याने तो जसाच्या तसा मान्य होण्यासारखा नाही. परंतु तो अगदीच निराधारही नव्हे. तांबड्या-पिवळ्या छटा देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये मासे स्वतः मुळातून तयार करू शकत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात. भारतात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात माशांचे प्रकार व त्यांना घालावयाचे अन्न यांची माहिती आढळते. मात्र तिचा संबंध गळाने मासे पकडण्याच्या राजविनोदाशी आहे, गृहपालनाशी नाही.

यूरोपात प्रारंभी माशांना वेगळे अन्न लागते याचीच जाणीव क्षीण होती. लंडनच्या सॅम्युएल पीप्स याने १६६५ मध्ये पाण्याच्या काचपात्रातील परदेशी मासे पाहिले. ते तसेच कायम जगत राहतील, अशी त्याची समजूत झालेली दिसते. मासा केवळ पाण्यावर जगतो, हा भ्रम यानंतरही दीर्घकाळ टिकला. उपाशी सोनमासा कित्येक आठवडे तग धरतो, शिवाय पाण्यातील शैवल व सूक्ष्मजीव यांवर त्याची थोडीफार गुजराण होते. त्यामुळे हा भ्रम सहजी उघडा पडत नसे. गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज निसर्गनिरीक्षकाचे मत अधिक डोळस होते. हे मासे काही खाताना दिसत नसले, तरी ते विष्ठा टाकतात, हे त्याने हेरले. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पावाचा चुरा बेतानेच घालावा, अन्यथा तो आंबून पाणी बिघडते, असा इशारा त्याने दिला आहे. त्यामागील रसायनशास्त्र ज्ञात होण्यापूर्वी शंभर वर्षे दिलेला हा सल्ला आजही बदलावा लागत नाही.

रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगाई यांचा एकत्र निर्वाह होतो, हे प्रयोगाने दाखविले. गोगलगाई कुजकी पाने खात आणि त्यांची अंडी माशांचे भक्ष्य होत. यातून ‘समतोल जलजीवालया’ची कल्पना लोकप्रिय झाली. वनस्पती ऑक्सिजन पुरवितात म्हणजे सर्व काही साधले, असे मानले गेल्याने नायट्रोजनयुक्त उत्सर्गाकडे दुर्लक्ष झाले. मासे प्रथिनांच्या पचनानंतर उरणारा अमोनिया मुख्यत्वे कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. कुजणारे अन्न त्यात भर घालते. अमोनियाचे नायट्राइट व नायट्रेट यांत रूपांतर करणारे सूक्ष्मजंतू व्हिनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास मातीतून वेगळे केले. काचपात्रातही हेच कार्य चालते, ही जाणीव पाळणाऱ्यांपर्यंत बऱ्याच उशिरा पोहोचली.

अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिलांना पुरेसे बारीक अन्न मिळणे ही मोठी अडचण होती. सॅन फ्रॅन्सिस्को येथील स्टाइनहार्ट जलजीवालयाचे ॲल्व्हिन सील यांनी १९३३ मध्ये आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील कवचधारी प्राण्याच्या डिंभांचा उपयोग सुचविला. मिठागरांत व खाऱ्या सरोवरांत आढळणारी याची अंडी कोरडी असताना वर्षानुवर्षे टिकतात व मिठाच्या पाण्यात घातल्यावर एक-दोन दिवसांत फुटतात. मत्स्यप्रजननाला यामुळे जेवढी गती मिळाली, तेवढी अन्य कोणत्याही एका खाद्याने क्वचितच मिळाली असेल. भारतात मात्र गटारांतून गोळा केलेले टुबिफेक्स कृमी दीर्घकाळ प्रचारात राहिले. ते माशांना प्रिय असतात, पण त्यांच्यासोबत रोगजंतूही येण्याचा संभव असतो. म्हणून ते वाहत्या पाण्यात पुष्कळ वेळ धुवून घेणे आवश्यक ठरते.

१९५०–६० या दशकात जर्मनीतील उल्रिख बेन्श यांच्या टेट्रामिन या खाद्यामुळे पापुद्र्यांचे युग सुरू झाले. पातळ लगदा तापलेल्या फिरत्या नळकांड्यावर वाळवून व खरवडून असे पापुद्रे करतात. याच सुमारास खाद्यमत्स्यांवरील संशोधनाने पोषणशास्त्राचा पाया घातला. चिनूक सामन माशाला दहा ॲमिनो अम्ले अन्नातून मिळणे अत्यावश्यक असते, हे जॉन हाल्व्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये दाखविले. क जीवनसत्त्वाच्या अभावी ट्राउट माशाचा कणा वाकडा होतो, हे १९६०–७० या दशकात स्पष्ट झाले. हे जीवनसत्त्व हवा, उष्णता व दमटपणा यांनी नाश पावत असल्याने महिनोन्‌महिने उघडा राहिलेला डबा माशांचे पोट भरतो, पण पोषण करीत नाही. पापुद्र्यांमुळे खाद्य सुलभ झाले आणि अतिभरणही तितकेच सुलभ झाले. सोनमाशाला जठर नसते. तो दिवसभर थोडे थोडे टिपून खातो आणि माणूस दिसताच पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडतो. ही भूक समजून पुनःपुन्हा चिमूट टाकली जाते. काही मिनिटांत संपेल एवढेच खाद्य टाकावे व उरलेले काढून घ्यावे.