स्वतः बांधलेली लहान मासेमारी होडी: सुरक्षित बांधणी, साहित्य आणि शासकीय साहाय्य

तुमची होडी गावच्या कारागिराने फायबर किंवा प्लायवूडमध्ये बांधली आहे आणि तुम्ही ती किनाऱ्यापासून दूर नेता? मग दोन गोष्टी तपासा: पाणी भरले तरी होडी तरंगेल का, आणि मदत मागण्याचे साधन जवळ आहे का? दुसऱ्या गोष्टीसाठी शासन अनुदान देते. पहिली मात्र बांधणीच्या वेळीच करावी लागते.

बांधणी करताना
• फायबर पाण्यापेक्षा जड असते. त्यात इंजिनाचे वजन असते, त्यामुळे पाणी भरलेली होडी बुडू शकते. ती तरंगत राहण्यासाठी आत बंद पेशींचा फोम बसवा. १०० लिटर आकारमानाचा फोम सुमारे ९५ किलो भार तोलतो.
• फोम दोन्ही कडांना उंचावर आणि पुढे-मागे बसवा. सगळा फोम तळाशी असेल तर पाणी भरताच होडी उलटू शकते.
• साधे थर्माकोल पेट्रोलने विरघळते, म्हणून पॉलियुरेथेन फोम वापरा.
• प्लायवूड घेताना त्यावर ‘आयएस ७१०’ (मरीन प्लायवूड) ही खूण पाहा.
• बर्फ, मासळी आणि जाळी खाली व मध्यभागी ठेवा. ठरवल्यापेक्षा जड इंजिन लावल्यास मागची बाजू खाली दबते आणि मागून येणारी लाट आत शिरते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. ही कामे याच काळात उरकून घ्या.

कोणते साहाय्य मिळते?
प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत (२०२०-२१ पासून) पारंपरिक मच्छीमारांसाठी पुढील घटक आहेत:
• सुरक्षा संच: एकक खर्च १ लाख रुपये. यात लाईफ जॅकेट, लाईफ बॉय, जीपीएस, संकटसूचक यंत्र, सर्चलाईट अशा वस्तू येतात.
• जुनी होडी बदलणे व जाळी: एकक खर्च ५ लाख रुपये.
• अनुदान: सर्वसाधारण गटास एकक खर्चाच्या ४० टक्के, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व महिलांना ६० टक्के. म्हणजे सुरक्षा संचासाठी अनुक्रमे ४० हजार किंवा ६० हजार रुपये. उरलेली रक्कम तुम्हाला भरावी लागते.
• ट्रान्सपाँडर: ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या उपक्रमात एक लाख नौकांवर हे यंत्र विनामूल्य बसवायचे आहे. मोबाईलची रेंज नसतानाही त्यावरून संदेश पाठवता येतो आणि मिळतो.
• अपघात विमा: मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमच्या अंशतः अपंगत्वास २.५ लाख रुपये. हप्ता शासन भरते.

अर्ज कसा करावा?
१. होडीची नोंदणी आणि मासेमारी परवाना आधी पूर्ण करा.
२. जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करा: अर्ज सध्या स्वीकारले जात आहेत का आणि विमा यादीत तुमचे नाव आहे का?
३. आधार, बँक पासबुक, नोंदणी प्रमाणपत्र, परवाना, लागू असल्यास जातीचा दाखला आणि साहित्याचे दरपत्रक सोबत न्या.
४. मंजुरी मिळण्यापूर्वी खरेदी करू नका.

निघण्यापूर्वी
• लाईफ जॅकेट अंगात घाला. फळीखाली ठेवलेले जॅकेट होडी उलटल्यावर हाती लागत नाही.
• इन्कॉइस संस्थेचा लहान नौकांसाठीचा इशारा पाहा. लाटांमुळे होडी उलटण्याचा धोका कुठे आहे, हे तो दहा दिवस आधी सांगतो.
• कुठे जाता आणि कधी परतणार, हे घरी व संस्थेत सांगून जा.

नेहमीचे प्रश्न
संकटात कोणाला कळवावे? मोबाईल चालत असेल तर तटरक्षक दल १५५४ किंवा सागरी पोलीस १०९३. रेंज नसेल तर व्हीएचएफ चॅनल १६ किंवा संकटसूचक यंत्राचे बटण.

होडीत पाणी भरले तर पोहत किनारा गाठावा का? नाही. होडी तरंगत असेल तर तिलाच धरून राहा. शोधपथकाला एकट्या माणसापेक्षा होडी लवकर दिसते.