पाच भाऊ, एक जहाज आणि सिनेमातून गळलेले आठ दिवस

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात लष्करी कचेरीतल्या प्रसंगात एक उल्लेख ओझरता येऊन जातो: ‘जुनो’ जहाजावर सलिव्हन बंधू गेले, तेव्हापासून भावाभावांना वेगळं ठेवतात. हे सलिव्हन कोण, हे तिथं कुणी सांगत नाही. अमेरिकन प्रेक्षकाला ते सांगावं लागत नाही, कारण १९४४ साली त्यांच्यावर सिनेमा निघालेला होता. ‘द सलिव्हन्स’, पुढे ‘द फायटिंग सलिव्हन्स’. दिग्दर्शक लॉइड बेकन. आज आपण त्या सिनेमाबद्दल बोलू, आणि त्यात जे नाही त्याबद्दलही.

जॉर्ज, फ्रँक, जो, मॅट आणि अल. आयोवा राज्यातल्या वॉटरलू गावचे. (नेपोलियनचं वॉटरलू नव्हे, हे आपलं साधं कारखान्यांचं गाव.) वडील टॉम रेल्वेत नोकरीला. पर्ल हार्बरच्या हल्ल्यात या भावांचा एक मित्र ‘ॲरिझोना’ जहाजावर मारला गेला, आणि जानेवारी १९४२ मध्ये पाचही जण नौदलात दाखल झाले. त्यांची अट एकच होती: आम्हाला एकत्र ठेवा. भावांनी एकाच जहाजावर जाऊ नये असा नौदलाचा कल होता खरा, पण सक्ती नव्हती. पाचही जणांना ‘जुनो’ या क्रूझरवर पाठवलं. त्याच जहाजावर रॉजर्स नावाचे चार भाऊ होते. त्यांतले दोघे लढाईपूर्वी दुसरीकडे गेले, म्हणून वाचले.

युद्धपट म्हणून हा सिनेमा बघायला बसलो तर आपण चकतो. त्यात युद्ध जेमतेम शेवटी येतं. बाकी सगळं घर: पोरांच्या मारामाऱ्या, आईचा धाक, धाकट्या अलचं लग्न. आम्हाला हाच त्याचा जोर वाटतो. पाच पोरं आपल्या ओळखीची झाली की मग जहाज बुडतं. जखमी जॉर्ज खाली दवाखान्यात आहे, चौघे त्याला आणायला जातात, आणि स्फोट. पाचही एका क्षणात, एकमेकांजवळ.

प्रत्यक्षात झालं काय? १३ नोव्हेंबर १९४२. ग्वादलकॅनालची रात्रीची लढाई संपली होती. टॉर्पेडो लागलेली ‘जुनो’ इतर जहाजांबरोबर कशीबशी परत निघाली होती. सकाळी अकराच्या सुमाराला आय-२६ या जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो तिला लागला आणि मिनिटाच्या आत ती बुडाली. इतका मोठा स्फोट झाला की कुणी वाचलं असेल असं बरोबरच्या जहाजांना वाटलंच नाही. पाणबुडी जवळच होती, थांबणं म्हणजे आणखी जहाजं गमावणं. वरून जाणाऱ्या विमानाला खूण करून ती निघून गेली. विमानानं कळवलेली जागा कागदांच्या ढिगात राहिली.

पाण्यात सुमारे शंभर माणसं जिवंत होती. त्यांत जॉर्ज होता. तराफ्यावर ऊन, तहान, शार्क. काही दिवसांनी तोही गेला. शोध संपेपर्यंत आठवडा उलटला, आणि पाण्यातून दहा जण हाती लागले. मृतांचा आकडा ६८७.

हे आठ दिवस सिनेमात नाहीत. १९४४ साली युद्ध चालू होतं, ते दाखवणं शक्य नव्हतं, हे आपण समजू शकतो. पण आणखी एक गोष्ट गळली आहे, आणि ती आम्हाला जास्त लागते. सिनेमातली आई निरोप येईपर्यंत काहीच जाणत नाही. खरी आई, आलेटा, जाणत होती. गावातल्या एका बाईला मुलाचं पत्र आलं होतं, त्यात पाचही सलिव्हन गेल्याचं ऐकल्याचं लिहिलं होतं. जानेवारी १९४३ मध्ये आलेटानं नौदलाला पत्र घातलं: अशी अफवा आहे, खरं काय ते कळवा. त्याच पत्रात तिनं लिहिलं की पोर्टलंडला ‘टवासा’ जहाजाचं नामकरण आपल्या हातून व्हायचं ठरलंय, मुलांना काही झालं असलं तरी आपण ते करणार, कारण ती मुलांची इच्छा होती. नोव्हेंबरात गेलेल्या मुलांबद्दल आईनंच जानेवारीत सरकारला विचारायचं!

१२ जानेवारीला तीन माणसं दारात आली. पाचांपैकी कोण, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, पाचही.

फेब्रुवारीत तिनं ‘टवासा’चं नामकरण केलं. एप्रिलमध्ये ‘द सलिव्हन्स’ नावाच्या विनाशिकेचंही. मधल्या काळात नवराबायको कारखान्यांतून, गोद्यांतून कामगारांपुढे बोलत हिंडत होती. दु:ख सरकारी कामाला लागलं होतं असं कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. पण आलेटाला नुसतं वापरलं गेलं, असं ते पत्र वाचल्यावर आम्हाला म्हणवत नाही.

जाता जाता एक गैरसमज. ‘सलिव्हन कायदा’ म्हणून लोक सांगतात, भावांना एकत्र नोकरी करायला बंदी, तसा कायदा झालाच नाही. १९४८ साली झाला तो घरातल्या एकुलत्या उरलेल्या मुलाला सक्तीच्या भरतीतून वगळण्याचा.

सिनेमाच्या शेवटी पाच भाऊ ढगांतून चालत जातात. अल नेहमीसारखा मागे राहिलेला, धावत त्यांना गाठतो. अलच्या मागे एक तान्हा मुलगा होता. १९९५ साली याच नावाची दुसरी विनाशिका पाण्यात सोडली, तेव्हा नामकरण अलच्या नातीनं केलं. ‘जुनो’ सापडली १७ मार्च २०१८ ला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी. सलिव्हन आयरिश वंशाचे. ती सुमारे चार किलोमीटर खोल आहे.