मूळ संख्येची कसोटी

एका पूर्ण संख्येला दुसरीने भागल्यावर बाकी शून्य उरत असेल, तर भागणारी संख्या पहिलीची विभाजक आणि पहिली तिची विभाज्य संख्या ठरते. १३ च्या पाढ्याला अंत नाही, परंतु शून्य सोडून कोणत्याही संख्येचे विभाजक मोजकेच असतात. १ आणि स्वतः असे दोनच धन विभाजक असणाऱ्या संख्येस मूळ संख्या म्हणतात. १ ला एकच विभाजक असल्याने तो या व्याख्येत बसत नाही.

विभाजक जोडीने येतात आणि जोडीतील लहान विभाजक संख्येच्या वर्गमूळाहून मोठा असू शकत नाही, त्यामुळे वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे असते. २२१ ही वरकरणी मूळ भासणारी संख्या २, ३, ५, ७ व ११ या सर्वांना चकवते, पण तिला १३ ने भागले की १७ हा भागाकार नेमका निघतो. शेजारच्या २२३ ला मात्र ७, ११ व १३ ने भागता अनुक्रमे ६, ३ व २ बाकी उरते आणि ती खरोखरच मूळ ठरते.

शंभर अंकी संख्येपुढे ही रीत हतबल होते. फेर्माच्या प्रमेयावर आधारलेली कसोटी अतिशय जलद असली, तरी ५६१ (३ × ११ × १७) सारख्या काही संयुक्त संख्या तिच्यातून मूळ असल्याच्या थाटात सहज निसटतात. कोणत्याही संख्येबाबत निःसंदिग्ध उत्तर देणारी आणि अंकसंख्येच्या मानाने वेळ आटोक्यात ठेवणारी कसोटी २००२ मध्ये मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी आयआयटी कानपूर येथे मांडली. व्यवहारात मात्र संभाव्यतेवर आधारलेली मिलर–राबिन कसोटीच अधिक वापरली जाते.