बालकांचे धर्मशिक्षण आणि पापाची कल्पना

लहान मुलांना धर्म शिकविताना पाप आणि अपराध ह्या कल्पना सांगाव्यात की नाही, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो वाङ्मयाच्या इतिहासाशीही तितकाच निगडित आहे. इंग्रजीत मुलांसाठी म्हणून जे वाङ्मय आरंभी निर्माण झाले, त्यातील फार मोठा भाग ह्या प्रश्नाच्या एका ठाम उत्तरातून जन्मास आला. भारतीय वाचकालाही हा प्रश्न परका नाही. आपल्या संविधानाच्या २८व्या अनुच्छेदाने सर्वस्वी शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांतून धार्मिक शिक्षण वगळले. ते योग्यच झाले. पण त्यामुळे घर, संस्कारवर्ग, मदरसा आणि रविवारची शाळा ह्यांतून मुलाला काय सांगावयाचे, ह्याची जबाबदारी पालकांवर आणि धर्मशिक्षकांवर अधिकच येऊन पडली. अशा वेळी हे उत्तर पूर्वी कोणी, कोणत्या शब्दांत दिले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

पाश्चात्त्य परंपरेत ह्या विचाराचा उगम संत ऑगस्टीनपाशी शोधावा लागतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहावयास घेतलेल्या आपल्या आत्मनिवेदनात, सोळाव्या वर्षी सवंगड्यांसह केलेली पेरूसारख्या नासपती फळांची चोरी त्याने तपशिलाने वर्णिली आहे. पण तो तेथेच थांबत नाही. आईच्या दुधावर वाढणाऱ्या अर्भकाच्या मत्सरातही त्याला पापाचीच खूण दिसते. पेलेगियसशी झालेल्या वादात हा विचार सिद्धान्ताच्या पातळीवर गेला आणि ४१८ सालच्या कार्थेज येथील धर्मपरिषदेने तो उचलून धरला. मूल पापे करू लागते, एवढेच त्याचे म्हणणे नव्हते. मूल पापातच जन्मते, असे होते. सर्व ख्रिस्ती शाखांनी ते ह्याच रूपात स्वीकारले असे मात्र नाही. पूर्वेकडील चर्चने आदमाकडून मर्त्यतेचा वारसा येतो हे मानले, परंतु त्याच्या अपराधाचा वारसा येतो हे मानले नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

इंग्लंडमधील प्युरिटन पंथाने हा सिद्धान्त बालवाचकाच्या हाती दिला. जेम्स जेनवे ह्या धर्मोपदेशकाचे ‘अ टोकन फॉर चिल्ड्रन’ हे पुस्तक १६७१ ते १६७२ ह्या काळात दोन भागांत निघाले. त्यात तेरा मुलांच्या चरित्रकथा आहेत. ही मुले फार लवकर आपल्या पापी अवस्थेची जाणीव होऊन व्याकूळ होतात, एकान्तात रडतात, भावंडांना उपदेश करतात आणि शेवटी शांतपणे मृत्यूला सामोरी जातात. १७०० साली कॉटन मेदरने अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या मुलांची उदाहरणे घालून त्याला जोड दिली. आजच्या वाचकाला हे क्रूर वाटते. परंतु जेनवेला क्रूर म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. १६६५ची लंडनची प्लेगची साथ त्याच्या पिढीने डोळ्यांनी पाहिली होती, आणि मूल मोठे होईपर्यंत जगेल ह्याची कोणत्याही घरात शाश्वती नव्हती. मूल कोणत्याही रात्री जाऊ शकते आणि न पालटलेला जीव नरकात जातो, ही दोन गृहीते एकदा स्वीकारली की मौन पाळणे हीच निर्दयता ठरते. ते पुस्तक प्रेमानेच लिहिलेले होते. म्हणून त्याची तपासणी लेखकाच्या वृत्तीपेक्षा त्याच्या गृहीतापाशी केली पाहिजे.

अठराव्या शतकात ह्या गृहीताला हादरा बसला. आयझॅक वॉट्सने १७१५ साली मुलांसाठी धार्मिक गीते लिहिली. तीत नरकाग्नी आहे, पण स्वर बराच मृदू झालेला आहे. खरा घाव घातला तो रूसोने. १७६२ सालच्या ‘एमिल’मध्ये त्याने मानवी हृदयात मूळची विकृती नाही असे प्रतिपादन केले आणि आपल्या कल्पित शिष्याला किशोरवय संपेपर्यंत धर्माचा पाठच दिला नाही. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ते पुस्तक जाहीरपणे जाळण्यात आले. रूसोचा विचार थोर आहे, पण त्याचा एमिल एकुलता आणि एकाच गुरूच्या सहवासात वाढलेला आहे. भावंडांच्या घरातील मूल पाठ मिळण्याची वाट पाहत नाही. ते भावाचे खेळणे मोडते, लपविते, आणि विचारले असता त्याची मान खाली जाते. अपराधाची जाणीव धर्मशिक्षणाच्या आधीच घरात शिरलेली असते. तिच्याविषयी काहीच न बोलणे म्हणजे मुलाला तिच्यासह एकटे सोडणे होय.

ह्या दोन टोकांमधील संघर्ष एकाच लेखिकेच्या आयुष्यात पाहावयाचा असेल तर मेरी मार्था शेरवुड हिच्याकडे वळावे. लष्करी अधिकाऱ्याची पत्नी म्हणून ती १८०५ साली हिंदुस्थानात आली आणि सुमारे दहा वर्षे येथे राहिली. येथे तिने पलटणीतील मुलांसाठी शाळा चालविल्या. येथेच तिचे हेन्री आणि ल्यूसी हे दोन जीव बालवयात गेले. १८१४ साली प्रसिद्ध झालेली तिची ‘लिट्ल हेन्री अँड हिज बेअरर’ ही कथा हिंदुस्थानातील एका इंग्रज बालकाची व त्याला सांभाळणाऱ्या नोकराची आहे. ती हिंदुस्थानीसह अनेक भाषांत गेली. १८१८ साली आलेल्या ‘द हिस्टरी ऑफ द फेअरचाइल्ड फॅमिली’ ह्या कथेतील तीन मुलांपैकी दोघांची नावे हेन्री आणि ल्यूसी अशीच आहेत. ह्या पुस्तकातील एक प्रसंग कुप्रसिद्ध आहे. बाहुलीवरून मुले भांडतात; वडील त्यांना शिक्षा करतात, आणि मग रानात नेऊन साखळदंडांत लटकणारे एका भ्रातृघातक्याचे प्रेत दाखवितात. आजच्या भांडणाचा शेवट हा असाच होतो, हा त्यातला पाठ. खेळण्यावरून झालेली झोंबाझोंबी आणि खून ह्यांत अंशाचाच फरक आहे, प्रकाराचा नाही, असे मानल्यावाचून हा पाठ देता येत नाही. आणि मनुष्यस्वभाव मुळातच भ्रष्ट आहे असे मानले की तो देणे सोपे होते.

पण शेरवुडची कथा येथे संपत नाही. उत्तरायुष्यात तिने कॅल्व्हिनचा कठोर मार्ग सोडला आणि अखेरीस सर्वच जिवांचा उद्धार होईल अशी श्रद्धा धरली. १८४२ आणि १८४७ साली तिने ह्याच कथेचे पुढील भाग प्रसिद्ध केले, त्यांत पूर्वीचा धाक उरलेला नाही. पुढच्या पिढ्यांतील संपादकांनी तर मूळ भागातील तो फाशीचा प्रसंगच कित्येक आवृत्त्यांतून गाळून टाकला. अपत्यवियोग सोसलेल्या एका मातेने आपल्या मृत मुलांच्या ईश्वराविषयीचे मत आयुष्यभरात कसे बदलले, ह्याचा हा आलेख आहे.

धाकाच्या शिक्षणाचा आणखी एक धोका एडमंड गॉस ह्याच्या ‘फादर अँड सन’ (१९०७) ह्या आत्मचरित्रात दिसतो. मूर्तिपूजा केल्यास देवाचा कोप होतो असे वडिलांनी शिकविले होते. लहानग्या गॉसने एक खुर्ची समोर मांडून तिची प्रार्थना केली आणि काय होते ह्याची वाट पाहिली. काहीच झाले नाही. त्यावरून देव नाही असा निष्कर्ष त्याने काढला नाही. वडिलांना देवाचे मन ठाऊक आहे, ह्यावरील त्याचा विश्वास मात्र डळमळला. आपल्याकडे ‘खोटे बोललास तर देवबाप्पा कान कापील’ असे सांगतात. मूल खोटे बोलते आणि कान चाचपून पाहते. कान जागेवरच असतात. त्या क्षणी देवाचे काही जात नाही. सांगणाऱ्याचा शब्द मात्र उणा पडतो.

पंथाच्या आतूनच ह्या शिकवणीला शास्त्रशुद्ध उत्तर दिले ते अमेरिकेतील हार्टफर्डचा धर्मोपदेशक होरेस बुशनेल ह्याने. मुलाला आधी पापी ठरवावयाचे आणि मग त्याच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहावयाची, ह्या रिवाजाला त्याचा विरोध होता. कुटुंबाच्या वातावरणातूनच मूल धर्मात वाढावे, आपण कधी काळी धर्माबाहेर होतो असे त्याला वाटूच नये, असे तो म्हणे. १८४७ साली मॅसॅच्युसेट्सच्या रविवारशाळा-संस्थेने त्याची व्याख्याने छापली. पण सनातनी टीका सुरू होताच त्यांची विक्री थांबविली. ह्या घटनेत मराठीचाही एक दूरचा धागा आहे. १८१३ साली मुंबईस येऊन पोहोचलेले अमेरिकन मराठी मिशन ह्याच न्यू इंग्लंडच्या परंपरेतले. त्या मिशनने १८४२ साली ‘ज्ञानोदय’ आणि १८७३ साली ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक सुरू केले. मराठी बालवाङ्मयाच्या आरंभकाळी जी एक वाट आपल्याकडे आली, ती अशा रीतीने हा वाद चालू असलेल्या प्रदेशातूनच आली होती.

येथवर वाचून, पापाचे हे ओझे पश्चिमेचेच, असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. यमपुरीतील यातनांची वर्णने आपल्या पुराणांत आहेत आणि त्यांची चित्रे दाखवून मुलांना भिवविणारी घरेही होती. तथापि ह्याच परंपरेत आदिपर्वातील अणीमांडव्याची कथा आहे. चोरीच्या खोट्या आरोपावरून हा ऋषी शूलावर चढविला जातो. पुढे तो धर्मराजाला जाब विचारतो, तेव्हा बालपणी कीटकांच्या अंगात गवताची काडी टोचल्याचे हे फळ, असे उत्तर मिळते. ऋषी संतापतो. अल्प अपराधाला एवढा मोठा दंड दिल्याबद्दल तो साक्षात धर्माला शूद्रयोनीत जन्म घेण्याचा शाप देतो, आणि चौदा वर्षांच्या आत केलेले कृत्य ह्यापुढे पातक मानले जाणार नाही अशी मर्यादा घालून देतो. तो शापित धर्म म्हणजेच विदुर. त्या शापात शूद्रजन्माला शिक्षा मानणारी वर्णदृष्टी आहे, ती डोळ्याआड करता येत नाही. पण बालकाच्या अपराधाचा हिशेब मांडणाऱ्या न्यायाधीशालाच येथे अपराधी ठरविले आहे, हीही गोष्ट तितकीच खरी. कीटकाला टोचणे चांगले होते, असे मात्र ऋषी म्हणत नाही. कृत्य वाईटच राहते. ते बालकाच्या खात्यावर पातक म्हणून चढत नाही, इतकेच.

अनुवादकाला ह्या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. इंग्रजीतील ‘गिल्ट’ हा शब्द मराठीत आणताना हात अडखळतो. त्या एका शब्दात दोषी असणे आणि दोषी वाटणे ही दोन्ही एकवटली आहेत. मराठीत पहिल्यासाठी ‘अपराध’ आहे. दुसऱ्यासाठी मानसशास्त्राच्या प्रभावाने घडविलेला ‘अपराधगंड’ आहे, आणि तो व्याधीचे नाव वाटतो. आपल्या संतवाङ्मयाचा शब्द ह्याहून वेगळा आहे : अनुताप. अनुताप कृत्यानंतर येतो, जाळतो आणि मनुष्याला परत फिरवितो. अपराधगंडाला असा शेवट नसतो. ‘पाप’ हा शब्दही पाहावा. तमिळ आणि कन्नड भाषांत तो पातक ह्या अर्थाबरोबरच ‘बिचारा’ ह्या अर्थानेही सहज उच्चारला जातो. निंदा आणि करुणा एकाच शब्दात सामावणाऱ्या ह्या भाषांनी धर्मशिक्षकाला काही सुचविले आहे असे वाटते.

हे सुचविणे आपल्या अर्वाचीन वाङ्मयात प्रत्यक्ष उतरले आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये श्यामच्या चुकांना तोटा नाही, आणि आई त्या झाकीतही नाही. परंतु तू मुळातच वाईट आहेस, असे ती त्याला भासवीत नाही. तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलाला ती मनाच्या स्वच्छतेची आठवण देते; म्हणजे मन मळू शकते आणि धुताही येते, हे दोन्ही एकदमच सांगते. गांधीजींच्या आत्मकथेतील चोरीच्या कबुलीचा प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. सोन्याच्या कड्याचा तुकडा चोरलेला मुलगा पित्याला चिठ्ठी लिहून देतो. आजारी पित्याच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतात आणि तो ती चिठ्ठी फाडून टाकतो. त्या घरात पाप ही कल्पना होती. मुलाला ती पूर्णपणे समजली होती. पण तिच्यापलीकडे क्षमा उभी होती, म्हणूनच मुलाला कबुली देण्याचे धैर्य झाले.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही, आणि इतिहासात ज्यांनी ते तसे दिले त्यांच्या हातून मुलांचे नुकसानच झाले. जेनवेने मुलाला त्याच्या स्वभावाचे भय घातले. रूसोने त्याच्या अनुभवाकडे डोळेझाक केली. मुलाला कृत्य दाखवावे, त्या कृत्याने कोणाला दुखावले ते दाखवावे, आणि ते निस्तरण्याची वाट दाखवावी. ज्या पाठात परतण्याची वाट नाही, तो पाठ कितीही शास्त्राधारे दिला तरी लहान मुलासाठी नाही. ज्या धर्मपरंपरांना आपली शिकवण पुढच्या पिढीच्या हाती सोपवावयाची आहे, त्यांनी आपापल्या ग्रंथांत अणीमांडव्याची जागा शोधावी. ती बहुतेक ठिकाणी सापडेल. आजवर ती मुलांना वाचून दाखविली गेली नाही, एवढेच.