हाकेला ओ देणारी यंत्रं

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, मी कवी माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी आणि इतिहास घेऊन. अशा माणसाला संगणकावर बोलायला का बोलावलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण ज्या गोष्टीनं माझं हरवलेलं धन मला परत मिळवून दिलं, तिचा इतिहास आपण समजून घ्यावा आणि चार लोकांना सांगावा, एवढी माझी भूमिका आहे.

माझं गाव बाळापूर. मन आणि म्हैस या नद्यांच्या काठचा किल्ला, मिर्झाराजा जयसिंगाची छत्री आणि एकेकाळच्या सतरंज्या यांमुळे बाहेरचे लोक आमचं गाव ओळखतात. मी मात्र ते ओळखतो आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या गळ्यावरून. आमच्या घरात बोली दखनी, पण जात्यावर बसलं की माझ्या आजीच्या तोंडी वऱ्हाडी मराठी यायची. शेजारच्या तिघीचौघीही तशाच. १९९८ ते २००२ या काळात मी त्यांची गाणी वहीत उतरवून घेतली. जात्यावरची, हळदीची, हजला निघालेल्या माणसाला निरोप देतानाची. मग अकोल्यात एका डीटीपीवाल्याकडे बसून ती टाइप करून घेतली. सगळ्या मिळून २१४ फाइली झाल्या. त्या एका सीडीवर घेतल्या आणि कपाटात ठेवल्या. वह्या पुढे एका पावसाळ्यात गळक्या छपराखाली भिजून लगदा झाल्या. त्याचं मला फारसं दुःख झालं नाही, कारण सीडी होती.

गाणाऱ्या बायका एकेक करून गेल्या. २०१८ साली पुस्तक करायचं मनात आलं, म्हणून सीडी नव्या संगणकावर उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, टिंबं आणि कंस यांचा नुसता खच पडलेला. आजीचं एक अक्षर दिसेना. माझ्या हातापायातलं बळच गेलं.

हे असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. जुन्या संगणकात एका वेळी २५६ चिन्हांचीच जागा असे. ती इंग्रजीला पुरेशी होती. देवनागरीतली जोडाक्षरं, काने, मात्रा बसवायच्या कुठे? आपल्या लोकांनी त्यावर पुष्कळ डोकं चालवलं. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जिस्ट' नावाचं तंत्र तयार केलं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि ते काम तिथे वाढलं. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानक ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला १२८ घरं मिळाली. ती घरंही इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावर बेतलेली होती.

पण छपाईच्या बाजारात मानक पोहोचायला वेळ लागतो. तोवर ज्यानं त्यानं आपापला फॉन्ट काढला. त्याची युक्ती साधी होती. फाइलीत साठवायचं इंग्रजी अक्षर आणि दाखवायचं मराठी. म्हणजे अंगरखा मराठी, आत माणूस दुसराच. जोवर तो फॉन्ट संगणकात आहे तोवर सगळं ठीक. फॉन्ट गेला की अंगरखा गळून पडतो. पुढे विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट घरोघरी आला. तो घडवणारे र. कृ. जोशी हे सुलेखनकार तर होतेच, पण मराठीतले कवीही होते. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आपल्यापैकी एक माणूस त्या यंत्रात आधीच जाऊन बसला होता.

माझा भाचा पुण्यात प्रोग्रामर आहे. त्याला सीडी दाखवली. तो म्हणाला, "मामू, अक्षरं मेली नाहीत. नुसती नावं बदलून बसली आहेत." मी म्हटलं, मग बदल की, त्यात काय! तर तो हसला. काम वाटतं तेवढं सरळ नव्हतं. जुन्या फॉन्टमध्ये 'किताब' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर साठवलेला असतो, जशी ती डोळ्याला दिसते. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. 'दर्गा' शब्दातला रफार जुन्या पद्धतीत शेवटी येतो, नव्या पद्धतीत र आधी येतो. शिवाय मी मधूनमधून इंग्रजीत तारखा आणि टिपा लिहिल्या होत्या. त्यांना हात लावायचा नव्हता. कुठला तुकडा कुठल्या फॉन्टमध्ये आहे, हे फक्त वर्ड या प्रोग्रामला ठाऊक. म्हणजे वर्डला कामाला लावायचं होतं. २१४ फाइली, प्रत्येकीत शेकडो तुकडे. हातानं केलं असतं तर मी म्हातारा झालो असतो.

तेव्हा त्यानं एक वेगळा प्रोग्राम लिहिला. तो प्रोग्राम वर्डला हाक मारायचा आणि वर्ड ओ द्यायचं. फाइल उघड, या फॉन्टमधला पुढचा मजकूर शोध, मला दे, मी बदलून देतो तो त्या जागी ठेव, नव्या नावानं जतन कर, मिट. पडद्यावर काही दिसत नव्हतं. एका प्रोग्रामनं दुसऱ्याला असं राबवण्याला 'ऑटोमेशन' म्हणतात.

या ऑटोमेशनचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९८७ च्या विंडोजमध्ये 'डीडीई' नावाची सोय होती. दोन प्रोग्राम एकमेकांना चिठ्ठ्या पाठवत. पण चिठ्ठीत काय लिहायचं, हे दोघांनी आधी ठरवलेलं असावं लागे. १९८८ साली मायक्रोसॉफ्टमधल्या अँटनी विल्यम्स या अभियंत्यानं एक अंतर्गत टिपण लिहिलं. ज्याची आपल्याला आधी ओळख नाही, अशा वस्तूशी प्रोग्रामनं व्यवहार कसा करावा, हा त्याचा विषय होता. या विचारातून पुढे १९९३ साली 'कॉम' ही घडण आली. तिच्यातल्या प्रत्येक घटकाच्या मुळाशी जे दार असतं त्याचं नावच मुळी 'आयअननोन', म्हणजे अनोळखी! त्या दारावर तीनच गोष्टी करता येतात. तुला अमुक काम येतं का असं विचारता येतं. मी तुला धरलंय, असं सांगता येतं. आणि मी तुला सोडलं, असंही सांगता येतं. धरणाऱ्यांची मोजणी शून्यावर आली की तो घटक आपला मुक्काम हलवतो.

आता खरी अडचण ऐका. प्रोग्राम कंपाइल होतो, म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या मजकुराचे यंत्राचे आकडे होतात, तेव्हा त्यातली बहुतेक नावं पुसली जातात. उरतात ते पत्ते. अमुक काम अमुक खोलीत, असं आधीच पक्कं झालेलं असतं. याला 'अर्ली बाइंडिंग' म्हणतात. गाठ आधीच मारलेली. त्यात वेग असतो, आणि चूक असेल तर कंपाइल करतानाच कळते. पण नावानं हाक मारायची असेल तर? त्यासाठी कॉममध्ये 'आयडिस्पॅच' नावाचं आणखी एक दार केलं. प्रोग्राम चालू असताना तिथे जाऊन विचारायचं, 'सेव्ह' नावाचं काम तुमच्याकडे आहे का? आतून एक क्रमांक मिळतो. मग तो क्रमांक देऊन म्हणायचं, हे काम करा. ही 'लेट बाइंडिंग'. गाठ आयत्या वेळी मारलेली.

आमच्या बाळापुरात याचा दाखला रोज मिळतो. बाहेरगावचा माणूस दोन प्रकारे माझ्या घरी येऊ शकतो. एक, घर नंबर लिहून आणून. तो थेट येईल, पण मी घर बदललं असेल तर भलत्याच्या दारात उभा राहील. दुसरा, वेशीवर येऊन विचारेल, कविता लिहिणारे ते कुठे राहतात? त्याला चार ठिकाणी थांबावं लागेल, उशीर होईल, पण मी कुठेही असलो तरी तो पोहोचेल. आणि नाव चुकीचं सांगितलं तर मात्र गावात आल्यावरच कळेल की असा माणूस इथे नाही.

खुद्द वर्ड कुठे राहतं, हेही असंच विचारावं लागतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'वर्ड डॉट ॲप्लिकेशन' या नावासमोर एक १२८ बिटांचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून प्रोग्राम कुठे ठेवलाय ते कळतं. १९९३ च्या वर्ड ६ मध्ये बाहेरच्यांसाठी एकच खिडकी उघडी होती. वर्ड ९७ पासून फाइली, परिच्छेद, शब्द, फॉन्ट अशा साऱ्यांना नावानं हाक मारता येऊ लागली. बोर्लंड कंपनीच्या डेल्फी भाषेनं १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही उशिराची गाठ कंपाइल होणाऱ्या प्रोग्रामातही सोपी करून दिली. त्या भाषेचे शिल्पकार अँडर्स हायल्सबर्ग पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांच्या सी-शार्पमध्ये २०१० साली तशीच सोय 'डायनॅमिक' या नावानं आली.

भाच्यानं आपला प्रोग्राम जुन्या डेल्फीतच लिहिला. त्याच्याकडे वर्डची एक आवृत्ती, माझ्याकडे दुसरी, बरीच जुनी. पण नावानं हाक मारली असल्यामुळे तोच प्रोग्राम बाळापुरातही चालला.

चालला म्हणजे, लगेच नाही. पहिल्या रात्री लावून झोपलो. सकाळी पाहतो तर अकराव्या फाइलीवर ठप्प. त्या फाइलीबद्दल वर्डनं काहीतरी विचारलं होतं आणि ते उत्तराची वाट पाहत होतं. पण खिडकीच अदृश्य! प्रश्न कुणाला दिसणार आणि उत्तर कोण देणार? दुसऱ्या रात्री एका कामाचं नाव लिहिताना भाच्याचं एक अक्षर चुकलं होतं. कंपाइल होताना कुणी हरकत घेतली नाही, मध्यरात्री मात्र घोडं अडलं. तिसऱ्या दिवशी संगणक इतका मंद झाला की बघवेना. शोध घेतला तर न दिसणारी डझनभर वर्ड आत बसलेली. चूक आमचीच होती. धरलं होतं, पण सोडलं असं सांगितलंच नव्हतं. वर्ड, एक्सेल हे प्रोग्राम समोर माणूस बसलेला आहे असं गृहीत धरून केलेले आहेत, सर्व्हरवर त्यांना बिनमाणसाचं राबवू नका, असं मायक्रोसॉफ्टनंही सांगून ठेवलेलं आहे. ते का, हे आम्हाला तीन रात्रींत कळलं.

हाकेला ओ देणाऱ्या दाराचा दुसराही धोका आहे. हाक कोण मारतंय, हे दार पाहत नाही. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' नावाचा विषाणू पसरला. तो वर्डच्या फाइलीतून यायचा, नावानं आउटलुकला हाक मारायचा आणि पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःला पाठवून द्यायचा. मे २००० मधल्या 'आय लव्ह यू'नंही तीच वाट धरली. मग कुलपं लागत गेली. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो ऑफिसमध्ये आपोआप अडवले जातात. नव्या आउटलुकमध्ये तर कॉमचं हे दारच ठेवलेलं नाही. उघड्या दाराच्या गावाला चोराची भीती असते, हे आम्हा जुन्या गावच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

चौथ्या रात्री मात्र २१४ फाइली पार पडल्या. मूळ सीडी तशीच, नव्या प्रती शेजारी. मी पहाटे उठून वाचायला बसलो. आजी समोर होती! पण 'वाऱ्यावर' हा शब्द सगळीकडे 'वार्यावर' झालेला. अक्षरांच्या तक्त्यात एक ओळ चुकली होती. मी उतावळेपणानं सगळीकडे 'र्य'चा 'ऱ्य' करून टाकला. वारा सुधारला, पण 'सूर्य' बिघडला. आणि हजच्या निरोपाच्या गाण्यात आजीनं म्हटलेला 'दर्या' होता, त्याच्या 'दऱ्या' झाल्या.

आजीनं समुद्र कधी पाहिला नव्हता. तिचा बाप बोटीनं हजला गेला होता, तो परत आला नाही. ती 'दर्या' म्हणताना क्षणभर थांबायची. तो शब्द डोंगरातल्या दऱ्यांचा नाही, समुद्राचा आहे, हे ठरवणारा त्या खोलीत मी एकटाच होतो. वर्डला ते कळणार नव्हतं, भाच्यालाही नाही. मी माझा बदल मागे घेतला आणि पुढचे दोन महिने एकेक 'र्य' कानानं ऐकून दुरुस्त केला.

तेव्हा मंडळी, तुमच्याही कपाटात जुन्या फॉन्टमधली पत्रं, आजोबांच्या आठवणी, गावाचा इतिहास असं काही पडलं असेल, तर ते आजच बाहेर काढा. मूळ प्रतीला हात लावू नका. जाणत्या पोराला बोलवा. यंत्राला नावानं हाक मारणारे प्रोग्राम आहेत, ते तुमचं निम्मं काम रात्रीत करतील. उरलेलं काम मात्र ज्यानं ते आवाज ऐकलेत त्यानंच करायचं आहे. आणि तो माणूस आहे तोवरच करायचं आहे.