चाओ (चिनी चित्राक्षर)

चाओ : सम्राज्ञी वू त्सतियान (६२४–७०५) हिच्या नावासाठी घडवलेले दुर्मीळ चिनी चित्राक्षर. चीनच्या इतिहासात स्वतःच्या अधिकाराने सम्राटपद धारण करणारी ती एकमेव स्त्री. ६८९ मध्ये त्सोंग छिन-ख या तिच्या नातलग दरबाऱ्याने काही नवी अक्षरे सादर केली, त्यांतले हे एक. ते तिने स्वतःच्या नावासाठी ठेवले आणि पुढच्याच वर्षी चौ राजवंशाची घोषणा केली.

अक्षराच्या वरच्या भागात डावीकडे सूर्य व उजवीकडे चंद्र ही चिन्हे असून खाली आकाश किंवा पोकळी दर्शविणारे चिन्ह आहे. सूर्य व चंद्र एकाच वेळी आकाशात तळपत आहेत, असा अर्थ लावतात. खालचे चिन्ह चिनी बौद्ध ग्रंथांत ‘शून्यता’ या संज्ञेसाठी येते. वूने आपल्या सत्तेसाठी महामेघसूत्र या बौद्ध ग्रंथाचा आधार घेतला होता, हे पाहता ही निवड सहज झाली असेल असे वाटत नाही.

बहुतेक चिनी अक्षरांत एखादा घटक उच्चार सुचवतो. येथे तसा घटक नाही. ‘उजळणे’ या अर्थाच्या जुन्या अक्षराचाच उच्चार याला दिला गेला. यातला ‘च’ ‘चंद्र’मधल्या ‘च’च्या जवळचा, मात्र जिभेचे टोक मागे वळवून आणि हकार मिसळू न देता म्हणायचा. सूर चौथा, म्हणजे उंचावरून झपकन खाली उतरणारा. रोमन लेखनावरून मराठीत ‘झाओ’ असे छापतात, ते टाळावे. जपानीत याचा उच्चार ‘शो’ होतो.

सम्राटाच्या नावाचा ध्वनी उच्चारणे निषिद्ध असे. राजाज्ञेसाठीचा रूढ शब्दही ‘चाओ’च असल्याने तो बदलून ‘च्र’ हा दुसरा शब्द वापरात आणावा लागला.

या नावाचा सर्वांत बोलका पुरावा १९८२ मध्ये हेनान प्रांतातील सोंगशान पर्वतावर एका शेतकऱ्याला सापडला. सोन्याच्या या पातळ पट्टीवर ७०० सालचा ६३ अक्षरी लेख आहे. स्वतःसाठी सूर्य-चंद्र कोरून घेणारी वू त्यात आपले नाव लिहून, या नावावरची पापे पुसून टाकावीत, अशी देवतांना विनवणी करते. राजवैभवाच्या वर्णनांपेक्षा ही पट्टी तिला अधिक जवळून दाखवते.

७०५ मध्ये तिची सत्ता गेली आणि तिने रूढ केलेली अक्षरे मागे पडली. आजच्या चिनी कोशांत ‘चाओ’ची नोंद आहे, वापर मात्र जवळजवळ तिच्या नावापुरताच उरला आहे.