ऑझ कथामाला

अमेरिकन बालसाहित्यिक लायमन फ्रँक बाउम (१५ मे १८५६–६ मे १९१९) ह्याने लिहिलेली चौदा अद्भुतकथांची माला. द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ (१९००, म. शी. ऑझचा अद्भुत जादूगार) हा तिचा पहिला ग्रंथ असून ग्लिंडा ऑफ ऑझ (१९२०) हा अखेरचा ग्रंथ बाउमच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. पहिल्या पुस्तकाची कीर्ती जगभर पसरली आहे. तथापि बालसाहित्याच्या इतिहासात ह्या मालेला विशेष स्थान मिळाले, ते पहिल्या कथेपुढे लिहिल्या गेलेल्या तेरा कथांमुळे. एकदा संपलेली परीकथा पुन्हा का सुरू करावी आणि तिला पुढे नेणारे सूत्र कोणते असावे, ह्या प्रश्नांचे एक नवे उत्तर ह्या उत्तरकथांनी दिले. ते सूत्र म्हणजे मैत्री.

पारंपरिक परीकथेला उत्तरकथा नसते. राक्षसाचा वध, शापमुक्ती, राज्यप्राप्ती किंवा विवाह ह्यांपैकी काही घडले, की कथा सुफळ संपूर्ण होते. नायकनायिकांचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा प्रघात नाही. लूइस कॅरल ह्याने अ‍ॅलिस्‌ अ‍ॅड्व्हेंचर्स इन वंडरलँडनंतर (१८६५) थ्रू द लुकिंग ग्लास (१८७१) लिहिले खरे. परंतु ते अ‍ॅलिसचे दुसरे, स्वतंत्र स्वप्न आहे. पहिल्या स्वप्नात भेटलेल्या पात्रांची ओढ तिला तिथे नेत नाही. बाउमच्या वाचकांना मात्र नेमकी हीच ओढ लागली होती. बुजगावण्याचे, पत्र्याच्या लाकूडतोड्याचे आणि भित्र्या सिंहाचे पुढे काय झाले, असे ते विचारीत होते.

बाउमचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील चिटनँगो येथे झाला. नाटकमंडळी, दुकानदारी, वृत्तपत्र, काचसामान व चिनीमातीच्या भांड्यांची फिरती विक्री असे अनेक व्यवसाय त्याने केले. १८८२ मध्ये मॉड गेज हिच्याशी त्याचा विवाह झाला. तिची आई मटिल्डा जॉस्लिन गेज ही स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणारी एक अग्रगण्य कार्यकर्ती होती. डकोटातील अ‍ॅबर्डीन ह्या गावी काढलेले दुकान बुडाले, तेथील साप्ताहिकही चालेना. तेव्हा १८९१ मध्ये तो शिकागोस आला. आपल्या मुलांना सांगितलेल्या गोष्टींतून त्याचे लेखन आकारास आले. पहिल्या ऑझकथेच्या प्रास्ताविकात, जुन्या परीकथांतील भीषण प्रसंग आणि त्यांमागून येणारे नीतिपाठ वगळून केवळ आनंदासाठी नवी अद्भुतकथा लिहिण्याचा आपला हेतू त्याने स्पष्ट केला आहे. विल्यम वॉलेस डेन्स्लो ह्याच्या रंगीत चित्रांनी नटलेले हे पुस्तक अत्यंत लोकप्रिय ठरले.

ह्या पुस्तकाच्या शेवटी डोरथी कॅन्ससला परतते आणि तिचे तिन्ही सोबती तीन प्रदेशांचे अधिपती होतात. कथा सर्व बाजूंनी बंद झालेली असते. पुढची कथा लिहिण्याचा बाउमचा त्या वेळी विचार नव्हता. परंतु १९०२ मध्ये शिकागो येथे ह्या कथेवरील संगीत नाटक रंगभूमीवर आले व पुढील वर्षी ते न्यूयॉर्कमध्येही गाजले. त्यात डेव्हिड मंटगमरी आणि फ्रेड स्टोन ह्या विनोदी नटांची जोडी लाकूडतोड्या व बुजगावणे ह्यांच्या भूमिका करीत असे. मुलांची पत्रे आणि रंगभूमीवरील यश ह्या दोहोंतून द मार्व्हलस लँड ऑफ ऑझ (१९०४, म. शी. ऑझची अद्भुत भूमी) ही पहिली उत्तरकथा जन्मास आली. एक हजार मुलींनी एक हजार पत्रे लिहिली, तर पुढचे पुस्तक लिहीन, असे वचन आपण एका लहान मुलीला दिले होते, असे बाउमने प्रास्ताविकात सांगितले आहे. पुस्तक त्या दोघा नटांना अर्पण केलेले आहे. डेन्स्लोशी मतभेद झाल्यामुळे चित्रांचे काम जॉन आर. नील ह्या तरुण चित्रकाराकडे आले आणि पुढे अनेक दशके ऑझची चित्रसृष्टी त्याच्याच हाती राहिली.

ह्या कथेत डोरथी नाही. मोंबी नावाच्या चेटकिणीने वाढविलेला टिप हा मुलगा तिला भेडसावण्यासाठी लाकडी हातापायांचा व भोपळ्याच्या डोक्याचा एक पुतळा करतो. मोंबी संजीवक चूर्ण टाकून त्यास सजीव करते. हा जॅक टिपला ‘बाबा’ म्हणू लागतो. मोंबी आपल्याला संगमरवरी पुतळा करून टाकणार, हे कळताच टिप जॅकसह पळ काढतो. वाटेत ओंडके कापण्याची एक लाकडी घोडी त्याच चूर्णाने जिवंत होते आणि त्यांचे वाहन बनते. पाचूनगरीत बुजगावण्याचे राज्य असते. परंतु जिंजर ही मुलगी विणकामाच्या सुया घेतलेल्या मुलींची सेना आणून ती नगरी जिंकते. बुजगावणे आपल्या जुन्या मित्राकडे, पत्र्याच्या लाकूडतोड्याकडे, आश्रयासाठी जाते. पुढे भिंगातून प्रचंड झालेला एक विद्वान कीटक त्यांना भेटतो. दोन कोच, ताडाच्या झावळ्या आणि एका प्राण्याचे भिंतीवर टांगलेले मस्तक एकत्र बांधून केलेले ‘गंप’ हे उडते यानही त्यांना सामील होते.

ही सारी मंडळी अपूर्ण, जोडकामाची आणि काहीशी हास्यास्पद आहेत. जॅकला आपले डोके कुजेल ह्याची धास्ती आहे. कीटकाच्या कोट्या सर्वांना असह्य होतात. गंपला आपण मुळात का जिवंत झालो, हेच उमगत नाही. ते एकमेकांशी सतत वाद घालतात. परंतु कोणी कोणाला मागे सोडून जात नाही. पहिल्या कथेतील चौघे प्रवासी आपापली उणीव भरून काढण्यासाठी एकत्र आले होते आणि जादूगाराकडून प्रत्येकाला काही हवे होते. दुसऱ्या कथेत अशी देणगी देणारा कोणी नाही. सोबत हीच येथे प्राप्ती आहे. अखेरीस गंप आपल्याला पुन्हा सुटे करावे, अशी विनंती करतो आणि ती मान्य होते. मित्राला आपल्या सोयीसाठी अडकवून ठेवू नये, हे बाउमने कोणताही उपदेश न करता येथे सूचित केले आहे.

कथेची कसोटी लागते, ती शेवटी. ऑझच्या राजाची हरवलेली कन्या ओझ्मा म्हणजे टिपच होय. बालपणीच मोंबीने तिला मुलाचे रूप दिले होते, असे ग्लिंडा ह्या सत्प्रवृत्त जादूगारणीच्या चौकशीत उघड होते. टिप बिथरतो, त्याला मुलगी व्हायचे नसते. आपल्या मित्रांचे आपल्याविषयीचे प्रेम कमी होईल, ही त्याची खरी चिंता आहे. मित्र त्याला धीर देतात. रूप पालटल्यावर ओझ्माही त्यांना हेच सांगते, की आपण पूर्वीचेच आहोत, फक्त वेगळे दिसतो. मुलाची भूमिका नटीने करण्याच्या तत्कालीन रंगभूमीवरील प्रथेचा ह्या कल्पनेवर प्रभाव असावा, असे काही अभ्यासक मानतात. उगम काहीही असो, मैत्री ही रूपावर, लिंगावर वा पदावर अवलंबून नसते, हा विचार १९०४ मधील एका बालकथेच्या केंद्रस्थानी आला, ही गोष्ट लक्षणीय आहे. जिंजरच्या सेनेत मताधिकाराच्या चळवळीची थट्टा आहे, असा आक्षेप घेतला जातो. तथापि बाउम स्वतः त्या चळवळीचा पुरस्कर्ता होता. जिंजरचा पराभव करणारी ग्लिंडाची सेनाही मुलींचीच आहे आणि सिंहासनावर अखेर एक मुलगीच बसते.

ओझ्मा ऑफ ऑझमध्ये (१९०७) डोरथी परत आली. कोंबड्यांच्या खुराड्यात बसून, बिलिना ह्या बोलक्या कोंबडीसह ती समुद्रातून वाहत येते आणि चावीवर चालणाऱ्या टिक्‌टॉक ह्या यंत्रमानवाशी मैत्री जोडते. डोरथी व ओझ्मा ह्यांचे सख्य हा पुढील कथांचा कणा होय. ओझ्माजवळ दूरचे दृश्य दाखविणारे एक जादूचे चित्र आहे. दर शनिवारी ठरल्या वेळी ती त्यातून डोरथीकडे पाहते आणि डोरथीने खूण केली, की तिला ऑझमध्ये आणते. म्हणजे निरोप हा कायमचा राहत नाही. डोरथी अँड द विझर्ड इन ऑझ (१९०८) व द रोड टू ऑझ (१९०९) ह्या कथांत मित्रमंडळ आणखी विस्तारले. जॅकच्या चिंतेवरही उपाय निघाला : तो आता भोपळ्यांचे शेत राखतो आणि एक डोके खराब झाले, की नवे कोरून घेतो.

द एमराल्ड सिटी ऑफ ऑझ (१९१०) हा ग्रंथ बाउमने शेवटचा म्हणून लिहिला. डोरथीच्या काकाकाकूंचे शेत गहाणात बुडण्याच्या बेतात असते, तेव्हा ओझ्मा त्यांना कायमचे ऑझमध्ये बोलावून घेते. येथे पैसा नाही, गरिबी नाही. ज्याला जे हवे ते शेजारी आनंदाने देतो. व्यवसायात वारंवार बुडालेल्या लेखकाच्या ह्या स्वप्नामागील वेदना सहज जाणवते. त्याच वेळी नोम ह्या भूगर्भवासी लोकांचा राजा ऑझवर स्वारी करण्यासाठी बोगदा खणीत असतो. ओझ्मा शस्त्र उचलण्यास नकार देते. बुजगावण्याच्या युक्तीने शत्रू धुळीने तहानेले होतात, विस्मृतीच्या कारंज्याचे पाणी पितात आणि आपला वैरभावच विसरून जातात. नंतर ग्लिंडा ऑझला बाहेरच्या जगापासून अदृश्य करते व कथा संपते.

परंतु वाचकांनी ती संपू दिली नाही. चित्रफिती, पारदर्शिका व वाद्यवृंद ह्यांचा मेळ घातलेल्या १९०८ मधील एका खर्चिक प्रयोगामुळे बाउम कर्जबाजारी झाला होता. १९११ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. द सी फेअरीज (१९११) आणि स्काय आयलंड (१९१२) ह्या त्याच्या नव्या अद्भुतकथांना ऑझकथांइतका खप लाभला नाही. मुलांची पत्रे येतच राहिली. तेव्हा द पॅचवर्क गर्ल ऑफ ऑझमध्ये (१९१३) त्याने बिनतारी संदेशयंत्राच्या साहाय्याने ऑझशी पुन्हा संपर्क साधला. ही कल्पनाही एका बालवाचकाने सुचविली, असे तो सांगतो. त्यानंतर मृत्यूपर्यंत त्याने दरवर्षी एक ऑझकथा लिहिली. लेखकाच्या इच्छेविरुद्ध वाचकांनी चालू ठेवलेल्या मालांपैकी ही एक ठळक माला होय. ह्या सक्तीचे दोषही तिच्यात दिसतात. उत्तरार्धातील कथानके सैल आहेत, प्रवासातील विचित्र नगरींची पुनरावृत्ती होते आणि पात्रांची गर्दी वाढत गेल्यामुळे जुन्या मित्रांना केवळ हजेरी लावण्यापुरतेच स्थान उरते.

ह्या मैत्रीच्या आदर्शाला लेखकाच्याच जीवनात एक गंभीर छेद आहे. अ‍ॅबर्डीनच्या साप्ताहिकात डिसेंबर १८९० मध्ये, सू जमातीचा नेता सिटिंग बुल मारला गेल्यानंतर, आणि जानेवारी १८९१ मध्ये, वूंडेड नी येथील हत्याकांडानंतर, बाउमने लिहिलेल्या दोन अग्रलेखांत मूळ अमेरिकनांच्या समूळ उच्छेदाचे समर्थन केलेले आहे. २००६ मध्ये त्याच्या वंशजांनी सू लोकांची त्याबद्दल क्षमा मागितली. सर्व प्रकारच्या जिवांना सामावून घेणारे कल्पित राज्य आणि शेजारच्या माणसांना जगण्याचा हक्कही नाकारणारी लेखणी एकाच माणसाची होती. कथांचे मूल्य ह्यामुळे नाहीसे होत नाही. परंतु ऑझच्या सीमेबाहेर कोण राहिले, हा प्रश्न वाचकाला टाळता येत नाही.

बाउमनंतर रूथ प्लम्ली टॉम्प्सन हिने १९२१ पासून ही माला पुढे चालविली. चित्रकार नील ह्यानेही तीन कथा लिहिल्या. रशियात अलेक्सांद्र व्होल्कोव्ह ह्याने १९३९ मध्ये पहिल्या कथेचे स्वैर रूपांतर केले आणि १९६३ पासून बाउमपेक्षा निराळ्या, स्वतंत्र उत्तरकथा रचल्या. अमेरिकेतील अनेक ग्रंथपाल व समीक्षक ह्या मालेला दीर्घ काळ हलके वाङ्मय मानीत. १९५७ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने मार्टिन गार्डनर व रसेल नाय ह्यांच्या निबंधांसह पहिल्या कथेची आवृत्ती काढली, तेव्हापासून तिच्या गंभीर अभ्यासाला चालना मिळाली. १९३९ चा प्रसिद्ध चित्रपट पहिल्याच कथेवर असून त्यात ऑझ हे अखेर स्वप्न ठरते. बाउमच्या कथांत ते सत्य आहे. रिटर्न टू ऑझ (१९८५) हा चित्रपट दुसऱ्या व तिसऱ्या कथांवर आधारलेला आहे. ग्रेगरी मॅग्वायर ह्याच्या विकेड (१९९५) ह्या प्रौढांसाठीच्या कादंबरीवरून २००३ मध्ये संगीत नाटक व २०२४ आणि २०२५ मध्ये दोन भागांत चित्रपट आला. दुष्ट मानली गेलेली चेटकीण आणि ग्लिंडा ह्यांची मैत्री हाच त्या नाटकाचा व चित्रपटांचा गाभा आहे.

भाषाशैलीच्या दृष्टीने बाउम हा कॅरलइतका श्रेष्ठ लेखक नव्हे. त्याचे गद्य साधे, संवादप्रधान व घाईचे आहे. परंतु परीकथेचा शेवट विवाहात वा राज्यप्राप्तीत नसून एकमेकांची खुशाली विचारीत राहण्यात असू शकतो, हे त्याने दाखवून दिले. मुलांनी त्याला पत्रे लिहून विचारले होते, तेही हेच.